परतीच्या गाडीतली तुझी जागा

हमीद,

मालेगावच्या त्या मॅचची गोष्ट मी आजवर कोणालाच पुरती सांगितलेली नाही. विषय निघाला की मी गोल झाला तिथपर्यंत सांगायचो आणि मग चहा मागवायचो, नाहीतर उठून आत जायचो. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि तुला सांगायची तर हिंमतच कधी झाली नाही. तू गेल्यावरही बहुधा सांगितली नसती. पण तुला माती देऊन कब्रस्तानातून बाहेर पडताना तुझा असलम जे बोलला, त्यानंतर गप्प बसणं मला जमेना.

त्याने माझा दंड धरला होता. माझे गुडघे आता उतारावर ऐकत नाहीत. सोबतच्या मंडळींना तो म्हणाला, "हे वसंतकाका. अब्बांना मालेगावात टाकून सगळी गाडी निघून आली होती, तेव्हा एकटे हे ड्रायव्हरशी भांडले होते. अब्बा आम्हाला नेहमी सांगायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, क्लबवाले अब्बांच्या नावानं छोटी पुस्तिका काढतायत. तेवढी गोष्ट तुम्ही लिहून द्या. तुमच्याशिवाय ती आता कोणाला माहीत आहे?"

मी मान हलवली. त्याला वाटलं, काकांना हुंदका आला.

खरंच माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. विठोबा टांगेवाला गेला, नाना वकील गेले, त्या दिवशी गाडीत बसलेलं आता कोणी उरलेलं नाही. मी जे लिहून देईन ते छापलं जाईल आणि तुझी नातवंडं ते वाचतील. याच विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून तुलाच लिहायला बसलोय. हेच असलमला देणार आहे. त्यांना छापायचं तर छापतील.

तुझ्या अब्बांची कल्हईची भट्टी आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर होती, तिथूनच आपली ओळख. मोठा हंडा आला की तू त्यात उभा राहायचास, पायाखाली वाळू आणि कोळशाची पूड, आणि कमरेतून डावी-उजवीकडे वळत पायांनीच आतला काळेपणा घासायचास. मी दुकानाच्या पायरीवर बसून ते बघायचो. पुढे तू गोलात उभा राहायला लागलास तेव्हा लोक म्हणायचे, या पोराच्या पायांना सतत भिंगरी कशी? मला ठाऊक होतं कशी ते.

देवळालीच्या छावणीतून कोणीतरी जुना बॉल आणला आणि नाशिकच्या आपल्या गल्लीला फुटबॉलचं वेड लागलं. कोणाकडे बूट नव्हते. घोट्याला पट्ट्या बांधून खेळायचं. मला खेळता येत नव्हतं हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या लक्षात आलं. तूच म्हणालास, "वश्या, तू बाहेरून आरडाओरडा कर. ते तुला चांगलं जमतं." मग मी बाहेरचा माणूस झालो. मैदान आखायचं, पाणी आणायचं, बघायला येणाऱ्यांना जमवायचं आणि परगावी मॅच असली की गाडी ठरवायची.

ते चौतीस-पस्तीसचं साल असेल. आजच्या पोरांना यात काय कठीण होतं ते कळणार नाही. एस.टी. नव्हती. मालेगावला जायचं तर सर्व्हिस मोटार पुरती भाड्याने घ्यायची आणि तिचं भाडं ऐकून माणसं दोन पावलं मागे सरायची. आपल्या क्लबाची पद्धत अशी की खेळणाऱ्याने पैसे द्यायचे नाहीत, बघणाऱ्यांनी त्यांचा भार उचलायचा. माणशी दोन रुपये पडत. एक जाताना, एक परतताना. दिवसभर टांगा हाकून विठोबाच्या हातात घोड्याचं खाणं वजा जाता बारा आणे उरत. तो दोन रुपये देऊन मालेगावला मॅच बघायला का येई, हे त्याच्या बायकोला कधी समजलं नाही.

तुला ही पद्धत पटत नव्हती. आपला पहिला मोठा वाद त्यावरच झाला. तू म्हणालास, "मी फुकट बसणार आणि तो विठोबा माझ्यासाठी पैसे टाकणार. उद्या मी गोल खाल्ला की त्याचे दोन रुपये बुडाले असंच तो म्हणणार ना?"

"म्हणू दे. तू गोल खाऊ नकोस."

"तसं सांगून गोल थांबतात होय? मला अर्धे तरी देऊ दे."

"तू दिलेस तर बाकीच्या दहा जणांना द्यावे लागतील. ते कुठून आणणार?"

तू ऐकलंस, पण तुला पटलं नव्हतं. गाडीत बसताना तू बघणाऱ्यांच्या नजरेला नजर देत नसायचास. कोपऱ्यात शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसायचास आणि जागेवर चौकड्याचा रुमाल टाकून मगच खाली उतरायचास. सगळेच टाकत. कोणी टोपी ठेवी, कोणी उपरणं. त्या रुमालाला हात लावायचा नाही हा नियम कोणी सांगितलेला नव्हता, आणि तो कोणी मोडतही नव्हतं.

त्या मॅचला एक विशेष होतं, जे आपल्या दोघांखेरीज फक्त नाना वकिलांना ठाऊक होतं. नाना क्लबाचे सेक्रेटरी. इगतपुरीच्या रेल्वे संघाला गोलकीपर हवा होता. त्यांचा माणूस नाशिकला तुला दोनदा बघून गेला होता. संघात घेतलं की नोकरीही लागत होती. नानांनी मुलगा भरवशाचा आहे एवढा शब्द दिला की काम होणार होतं. "मालेगावची मॅच होऊ दे, मग मी जाऊन बोलतो," असं नाना म्हणाले होते. तुझ्या अब्बांना तेव्हा खोकला सुरू झाला होता. धुराने छाती धरली होती. तू मला म्हणालास, "नोकरी लागली ना, की ही भट्टी विझवायची. अब्बांना नुसतं ओट्यावर बसवायचं." एवढंच तुला हवं होतं.

आणि मला काय हवं होतं? त्या वेळी मी गाडीवाल्या शेटजींना भाड्याचा शब्द दिला होता. आमच्या वडिलांना न विचारता, दुकानाच्या नावावर. वडिलांचं मत तुला माहीत होतं. "चेंडूला लाथ मारायला मोटार लागते?" असं ते भर गल्लीत विचारत. पैसे कमी पडले असते तर शेटजी सकाळी थेट दुकानात आले असते. मला त्याची भीती होती. बापाचा मार मी त्याच्या आधीही खाल्ला होता. पण या खेपेला ते क्लब बंद करायला लावतील, आणि माझ्याकडे नुसतं बघतील, बोलणार नाहीत, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं.

मॅच तुला आठवत असणारच. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि गोल कोणाचाच नव्हता. मैदानाच्या चारही बाजूंना हातमागावरची माणसं, तशीच सुताच्या धाग्यांसकट उठून आलेली. आपण मूठभर एका कोपऱ्यात. त्यांच्या पोराने लांबून मारलेला बॉल वरच्या बांबूवर आदळून खाली आला आणि तू झडप घालून तो छातीशी धरलास. बॉल चुन्याच्या रेषेच्या आत पडला की बाहेर, कोणालाच नीट दिसलं नाही. पंच म्हणजे तिथल्या शाळेतले मास्तर, ते मैदानाच्या मध्यावर होते. एकच गलका झाला. मास्तर धापा टाकत आले. मी गोलामागेच उभा होतो, मला सगळं ऐकू आलं.

त्यांनी विचारलं, "काय रे, आत गेला होता का?"

तू बॉल खाली ठेवलास आणि म्हणालास, "हो सर. गेला होता."

शिट्टी वाजली. आपण हरलो.

विठोबाने डोक्याचा पटका काढून जमिनीवर आपटला. मैदानातून बाहेर येताना तो तुला सरळ म्हणाला, "तुला कोणी हरिश्चंद्र व्हायला सांगितलं होतं?"

तू म्हणालास, "विचारलं त्यांनी. बॉल माझ्या हातात होता, विठोबा. मी काय सांगू?"

"माहीत नाय म्हनायचं. तोंडाला कुलूप लावायचं. रुपया घातलाय आम्ही."

मागून कोणीतरी बोललं, "याची आत्या इथलीच आहे ना? मग काय. स्वतःच्या माणसांना जिंकवलं."

तू ते ऐकलंस. मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. गाडीपाशी येऊन रुमाल जागेवर टाकलास, बाकाखालून अम्मीने दिलेलं पातेलं काढलंस आणि मला म्हणालास, "हे फुप्पीला पोचतं करतो. घर जवळच आहे, मोसम नदीच्या काठाला. पाणी पिऊन लगेच येतो."

मी म्हणालो, "जा सावकाश. तुझ्याशिवाय गाडी हलत नाही."

हे माझे शब्द आहेत. मी ते विसरलेलो नाही.

तू गेलास आणि मी परतीचा रुपया गोळा करायला लागलो. विठोबाने हात मांडीखाली दाबून घेतले. "हरल्यावर कसला रुपया?" बाकीचेही तसेच. कोणी म्हणे नाशिकला देऊ, कोणी म्हणे त्याच्याकडून घे ज्याने गोल कबूल केला. काहींनी दिले. आठ रुपये कमी पडत होते.

आपला ड्रायव्हर धोंडू तिकडे सुरू करायचं हँडल काखेत धरून उभा होता. तो म्हणाला, "वसंतशेठ, आमच्या शेटनी सांगितलंय. पैसं हातात पडल्याबिगर हँडल मारायचं नाय."

"नाशिकला गेल्यावर दुकानातून देतो की."

"मंग गाडी बी नाशिकलाच सुरू करू."

लोक हसले. मला हसू आलं नाही. ऊन कलायला लागलं होतं. धोंडूला अंधार पडायच्या आत राहुडचा घाट उतरायचा होता. त्या गाडीचे दिवे असून नसल्यासारखे होते. तो सारखा आभाळाकडे बघत होता आणि मी गल्लीच्या तोंडाकडे.

तेवढ्यात तो वाणी आला. सटाण्याकडचा, लुगड्यांचा व्यापारी. बरोबर हमाल आणि डोक्यावर गठ्ठे. शेवटची सर्व्हिस मोटार त्याची चुकली होती. आपल्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, माले आजच नासिकले जानं शे. सकायना गाडीले माल मुंबईले धाडना शे. पैसा काय व्हई ते सांगा."

मी तोंडातून आकडा काढला. आठ रुपये. एवढ्याला तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्याने बटवा काढला.

धोंडू म्हणाला, "माल वर बांधतो. पन मानूस एक बी जादा नाय घेनार. चांदवडला पोलीस मुंडकी मोजतो. मागल्या टायमाला दंड भरलाय. कोनतरी उतरा."

कोणी हललं नाही. ज्यांनी पैसे दिले नव्हते ते सगळे आपापल्या जागी बसून होते. मी एकाकडे बघितलं तर त्याने तोंड फिरवलं, दुसऱ्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "हात लाव, मग दाखवतो." आणि विठोबा म्हणाला, "तो मालेगावचा भाचा हाय ना, राहू द्या त्याला आत्याच्या गावाला. फुकटच तर बसतो."

पुन्हा हसू उठलं. आधीपेक्षा जास्त.

हमीद, त्या वेळी मला कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी तुझ्या जागेला हातही लावला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण गाडी मी ठरवली होती. मी शेवटच्या बाकाशी गेलो, तुझा रुमाल उचलला, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. वाणी माझ्याशेजारी बसला. त्याने एक गठ्ठा मांडीवर घेतला, दुसरा पायाशी ठेवला. मी पैसे धोंडूला दिले आणि त्याने हँडल मारलं.

असलम म्हणतो तसा मी ड्रायव्हरशी भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी भांडलो नाही. "पाच मिनिटं थांब," एवढंही म्हणालो नाही. तू यायच्या आत निघावं असंच मला वाटत होतं, कारण तू आलास की मला तुझ्या तोंडावर काहीतरी सांगावं लागलं असतं.

गाडी वळणावर आली आणि तू गल्लीतून बाहेर पडलास. मागची ताडपत्री वर गुंडाळलेली होती, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तुझ्या हातात कसलीतरी पुरचुंडी होती. आधी तू हात वर केलास, हसलास सुद्धा. आम्ही गंमत करतोय असं तुला वाटलं असणार. मग तू धावायला लागलास. मॅच खेळून पट्ट्या सुटलेल्या, एक पट्टी मागे फरफटत होती. तू माझं नाव घेऊन हाक मारलीस. बाकी कोणाचं नाही, माझंच.

पुढून धोंडूने ओरडून विचारलं, "मागं कोन हाक देतंय का ओ?"

वाणी गठ्ठा सावरत होता. बाकीचे पुढे तोंड करून बसले होते. उत्तर मलाच द्यायचं होतं.

मी म्हणालो, "कोणी नाही. चल तू."

तू बराच वेळ धावलास. मी खाली बघत बसलो, पण पुन्हा वर बघितलं तेव्हाही तू धावतच होतास. मग पुढचं वळण आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात सगळ्यांच्या तोंडी तूच होतास. नाना वकिलांनी मला बाजूला घेतलं. "हमीद परत आला नाही म्हणे. चुकून मागे राहिला की मुद्दाम राहिला?" ते वकील होते, प्रश्न कसा विचारायचा ते त्यांना कळत होतं. मी म्हणालो, "आम्ही पुष्कळ वाट पाहिली. तो आलाच नाही." नानांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आधी गोल कबूल करतो आणि मग त्यांच्याच गावात मुक्काम करतो. मला काही हे चांगलं दिसत नाही." मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. बोललो नाही.

दुपारी तू कांद्याच्या लॉरीवर बसून नाशिकला आलास. उमराण्यापर्यंत बैलगाडीने, पुढे लॉरीने. घरी न जाता आधी दुकानात आलास. केसांत कांद्याची सालं अडकली होती. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार, आणि खोटं कशाला सांगू, मला थोडं बरंही वाटलं.

तू पुरचुंडी गल्ल्यावर ठेवलीस. "फुप्पीनं सगळ्यांसाठी गोड रोट दिले होते. तिनं खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही रे, म्हणून उशीर झाला. माझीच चूक."

मी म्हणालो, "आम्ही थांबलो होतो."

"तू थांबलाच असशील. बाकीच्यांनी ऐकलं नसेल." मग तू म्हणालास, "मी मागून धावत येत होतो. हाका पण मारल्या. पण धूळ एवढी उडत होती, तुला कुठून दिसणार?"

तू मला वाट करून दिली होतीस. मी त्या वाटेने गेलो. म्हणालो, "हो, धूळ फार होती."

मग मी खिशातून रुमाल काढून तुला दिला. "गाडीत राहिला होता." तू तो झटकून खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, "बरं झालं, तू सांभाळलास." आणि पुरचुंडी सोडून एक रोट माझ्या हातावर ठेवलास. मी तो खाल्ला, हमीद. तुझ्यासमोर उभा राहून खाल्ला.

नाना तुझ्यासाठी बोलायला इगतपुरीला गेलेच नाहीत. रेल्वेचा माणूस पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, खेळतो चांगला, पण भरवशाचा म्हणता येणार नाही. हे मला नानांनी स्वतः सांगितलं, मी न विचारता. तुला कोणी सांगितलंच नाही. तू काही महिने वाट बघत होतास. संध्याकाळी दुकानाशी येऊन विचारायचास, "नाना काही बोलले का रे?" मी म्हणायचो, "अजून नाही." पुढे विचारणं बंद झालं. मैदानावर येणंही बंद झालं. विठोबा आणि कंपनी तुला बघून "काय भाचेबुवा" म्हणायचे. तू त्यांच्याशी भांडला नाहीस, फक्त रस्ता बदललास.

तुझे अब्बा त्याच भट्टीवर खोकत गेले. त्यानंतर भाता तू धरलास. पुढली सगळी वर्षं मी दुकानात बसून तुला धुरातच बघितलं.

आणि या सगळ्या वर्षांत तू माझ्याशी कसा वागलास ते आठवलं की मला कुठे तोंड लपवावं कळत नाही. माझी बायको टायफॉइडने आजारी होती तेव्हा रात्रीच्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात तू झोपलास. औषध आणायला धावायला कोणीतरी हवं म्हणून. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीची भांडी तू कल्हई करून दिलीस आणि मी पैसे पुढे केले तेव्हा म्हणालास, "तुझ्या मुलीच्या लग्नातही मला फुकट बसवशील असं वाटलं होतं. आज मीच तुला फुकट बसवतो." तू हसत होतास. तू कधी काही लपवून बोलत नसायचास, म्हणून मी त्यात काही शोधलं नाही. आता शोधतो. सापडत नाही.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत चालू राहिला. तो गोल. मी दर दिवाळीला तुला विचारायचो, तू सांगितलंस कशाला? मास्तरांना दिसलं नव्हतं, तू बॉल बाहेर होता म्हणाला असतास तर कोण काय करणार होतं? आणि तू दरवेळी तेच उत्तर द्यायचास. विचारलं म्हणून सांगितलं. मी चिडायचो. मी म्हणायचो, तुझ्या त्या एका शब्दामुळे सगळं झालं. लोक चिडले, रुपया दिला नाही, पुढचं सगळं. इतकी वर्षं मी ते तुझ्या अंगावर टाकत राहिलो. तू शांतपणे ऐकायचास आणि चहा संपवून उठायचास.

सिव्हिल हॉस्पिटलात तुला ठेवलं तेव्हा मी ठरवून आलो होतो. वाटेत रिक्षात शब्द जुळवले होते. असलमला खाली औषधं आणायला पाठवलं. तुझ्या नाकात नळी होती. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "हमीद, मालेगावच्या त्या दिवशी..."

तू डोळे उघडलेस. हसायला गेलास आणि खोकला आला. मग म्हणालास, "आत गेला होता बॉल, वश्या. किती वेळा विचारशील?"

मला तिथेच पुढे बोलायला हवं होतं. वेळ होता. असलम जिन्यात होता, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता. पण तुला खोकून खोकून थकवा आला होता आणि तू माझा हात हातात घेतलास. त्या हाताने मला गप्प केलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. खरं तर तू हात घेतलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आज राहू दे, उद्या सांगू. दोन दिवसांनी असलमचा फोन आला.

आता पुस्तिकेत काय जायचं ते जाईल. असलम हे वाचून माझ्याकडे येईल की नाही, मला माहीत नाही. आला नाही तर मी समजेन. त्याच्या आजोबांना ओट्यावर बसता आलं नाही याचं कारण त्याला इथे पहिल्यांदा कळतंय. नाशिकच्या लोकांनी मात्र एवढं लक्षात ठेवावं. हमीद कल्हईवाला मालेगावला स्वतःहून राहिला नव्हता. तो आपल्या गाडीसाठी, आपल्या माणसांसाठी, दमलेल्या पायांनी धावत आला होता.

आणि तुला, हमीद, रिक्षात जुळवलेलं जे खाटेशेजारी बसून तोंडातून निघालं नाही, ते एवढंच होतं. मी तुला धावताना बघितलं होतं. धोंडूने विचारलं तेव्हा कोणी नाही असं मीच सांगितलं. तुझी जागा मी विकली आणि तुझं नाव जाऊ दिलं. माझं चुकलं रे. मला माफ कर.